नम्रता कोणापुढे? केडगावच्या रमाबाई, पाय धुण्याचा विधी आणि आमची मंडळी

पेटीवादक (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचमंडळावर माझी निवड झाली. मी मूळची नगर जिल्ह्यातली असून आता पुण्यात स्थायिक आहे. रविवारच्या उपासनेत पेटी वाजवणे एवढीच आजवर माझी सेवा होती, त्यामुळे पंच होण्यात मला मानापेक्षा धाकच जास्त वाटतो आहे.

पहिल्याच बैठकीत एका तरुण सभासदाने दफनभूमीच्या कुंपणासाठी जमलेल्या निधीचा हिशेब विचारला. त्यावर हिशेब मिळाला नाही, उपदेश मिळाला. ख्रिस्ती माणसाने नम्र असावे, वडीलधाऱ्यांवर संशय घेणे हे गर्वाचे लक्षण आहे, असे त्याला सांगण्यात आले. त्या मुलाने मान खाली घातली आणि विषय तिथेच संपला. गप्प बसलेल्यांमध्ये मीही होते, हे कबूल करते.

घरी आल्यावर योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचला. गुरू येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र हा शिष्य आधी नाही म्हणतो, कारण त्याला हे अवघडल्यासारखे होते. पुढे गुरूला दगा देणारा यहूदा अजून उठून गेलेला नसतो, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. या सगळ्या प्रसंगात शिष्यांना 'नम्र व्हा' असे दटावून कोणी गप्प केलेले नाही. जो वरच्या जागेवर आहे तोच खाली बसलेला आहे.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे, की ख्रिस्ती पुढाऱ्याने नम्र असावे हे सर्वांना मान्य असले, तरी ही नम्रता कोणी कोणापुढे दाखवायची असते? आणि जे मंडळीच्या कडेला राहिले आहेत, त्यांच्यापर्यंत पुढाऱ्याने पोहोचावे म्हणजे नेमके काय करावे? पुस्तकी उत्तरांपेक्षा पाहिलेले, वाचलेले, अनुभवलेले लिहावे ही विनंती.

अडकित्ता

कुंपणाचा निधी कुंपणानेच खाल्ला असावा, अशी नम्र शंका.

दौंडलोकल

ताई, तुम्ही पुण्यात आहात तर केडगाव लांब नाही. दौंडच्या गाडीने जाणारे माझ्यासारखे अनेक जण ते स्थानक रोज पाहतात, पण पंडिता रमाबाईंनी तिथे काय उभे केले हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या आयुष्यात दिसते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, त्यासाठी समाजाचा रोष पत्करला आणि पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हिंडले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील दोघेही गेले. भाऊबहीण पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले आणि तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. उपास काढलेली बाई आणि पंडितसभेने मान दिलेली बाई एकच होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सगळे उलगडते.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या पुण्यात विधवांसाठी 'शारदा सदन' चालवत होत्या. सदनाचे काम उच्चवर्णीय विधवांपुरते ठरलेले होते, तिथे जातीचे नियम पाळण्याची मुभा होती आणि अमेरिकेतून येणारा पैसाही त्याच कामासाठी होता. तरीही त्या दुष्काळी भागात गेल्या, उपासमारीने अर्धमेल्या झालेल्या मुली आणि बायका घेऊन आल्या आणि त्यांना केडगावच्या माळरानावर घेतलेल्या जमिनीवर ठेवले. आणताना कोणाची जात विचारली नाही. तिथूनच 'मुक्ती' उभी राहिली. गुजरातेतल्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथे दीड हजारांहून अधिक बायकामुली होत्या. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली आणि रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी त्यांना ब्रेल शिकवली. १८९९ मध्ये, ज्यांना 'पतित' म्हणून कोणी दारातही उभे करत नव्हते, अशा बायकांसाठी 'कृपा सदन' निघाले.

एका मर्यादित वर्तुळासाठी सुरू केलेले काम दर दुष्काळागणिक त्यांनी रुंद केले आणि तसे करताना आपली जुनी चौकट मोडू दिली. मला नम्रता दिसते ती इथे. आपण आखलेली योजना आपल्यापेक्षा मोठ्या गरजेपुढे बाजूला ठेवणे हे पुढाऱ्याला फार जड जाते.

चिकित्सक_चिमणी

दौंडलोकल यांनी लिहिलेले सारे खरे असले तरी ते अर्धेच आहे. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते असा आरोप झाला, 'केसरी'ने झोड उठवली आणि सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी सुधारक मंडळीही बाहेर पडली. ही माणसे सनातनी नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे होते, की मी कोणाला भाग पाडत नाही, माझ्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असते इतकेच. पण जिला परत जायला घर नाही, अशा बारा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी ज्या बाईने अन्न दिले तिचे उघडे दार हे नुसते उघडे दार राहते का?

केडगावबद्दल तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीला भाकरीबरोबर बाप्तिस्मा मिळाला, तर तिच्या संमतीचे मोल किती धरायचे? मी स्वतः कोणत्याच धर्माचा नाही आणि रमाबाईंच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही, वंचितांपर्यंत पोहोचणाऱ्याच्या हातात वंचितावरची सत्ताही येते आणि नम्रतेची खरी परीक्षा ती सत्ता वापरताना होते, असे मला वाटते.

पानगळ

चिकित्सक_चिमणी यांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. परंतु त्याच सदनात आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा विवाह १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. शारदा सदनात शिकलेली प्रत्येक मुलगी एकाच वाटेने गेली असे चित्र इतिहासाला धरून नाही. केडगावबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. तिथली परिस्थिती वेगळी होती, आणि संमती हा शब्द उपाशी लेकराच्या बाबतीत आपण आजच्या अर्थाने वापरू शकतो का, याचे उत्तर मला देता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. 'कोणापुढे' हा शब्द ताईंनी नेमका पकडला आहे, कारण रमाबाई वरच्यांपुढे मुळीच नम्र नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या मठाच्या आश्रयाला त्या होत्या तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पुढे जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना आजही दचकायला होते. परक्या देशातली पंचविशीतली विधवा, पदरी लहान मुलगी, जेवणखाणासकट सगळे दुसऱ्याच्या हातात, आणि तरीही ही बाई धर्मसिद्धान्तावर प्रश्न विचारते. भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू आत्ताच मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जू घेण्याची माझी इच्छा नाही, अशा आशयाचे त्यांनी स्वच्छ लिहिले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले, तेव्हा त्याचाही त्यांनी प्रतिवाद केला. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, यावरूनही त्या अडून बसल्या.

पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांच्या आश्रयातली एक मुलगी सरकारी छावणीच्या व्यवस्थेत सापडली, तेव्हा राज्यकर्ते स्वधर्मीय आहेत याची पर्वा न करता त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर टीका केली. म्हणजे बिशपांपुढे ताठ, गव्हर्नरपुढे ताठ, आणि वृंदावनातल्या विधवांची दशा पाहायची तर स्वतः गरीब यात्रेकरूच्या वेशात जाऊन राहायची तयारी. ताईंच्या पंचमंडळाने नम्रतेचे टोक नेमके उलट्या दिशेला धरले आहे.

अडकित्ता

पानगळताई, हे बैठकीत वाचून दाखवले तर पेटीवादकांची पेटीही काढून घेतील.

पेटीवादक

पेटी माझ्या स्वतःच्या मालकीची आहे, अडकित्तादादा. तेवढा हिशेब चोख आहे.

वसईचा_फणस

आम्ही कॅथलिक, म्हणून आमच्याकडचे सांगतो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सामध्ये (उपासनेत) धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. माझ्या लहानपणी हे बारा जण म्हणजे गावातले प्रतिष्ठित लोक असत, आणि ते आदल्या रात्रीच घरी दगडाने पाय घासून, नवे मोजे घालून येत. फादरांच्या वाट्याला धुण्यासारखे काही उरतच नसे. आजोबांची निवड झाली त्या वर्षी आजीने त्यांची नखेसुद्धा कापून दिली होती. विधी उत्तम पार पडायचा, पण त्यातून काय उलटेपालटे व्हायला हवे होते, हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

पुढे एक तरुण फादर आले आणि त्यांनी बारा नावे पाटीवर लावलीच नाहीत. त्या सायंकाळी त्यांनी मासळी बाजारात काम करणाऱ्या दोन बाया, वीटभट्टीवरचा एक आदिवासी मजूर, कचरा उचलणारे दोघे अशी माणसे पुढे बोलावली. कुजबुज झाली, कारण त्या काळी बायकांचे पाय धुण्याची नियमात मुभा नव्हती. बिशपांकडे तक्रार गेल्याचेही ऐकले. मला मात्र आठवते ती त्या मजुराची घालमेल. तो पाय मागे घेत होता, अगदी पेत्रासारखा.

नंतर २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी निवडून आल्यावर पहिल्याच पवित्र गुरुवारी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा मुलांमुलींचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि काही जण मुसलमान होते. स्त्रियांचा समावेश करण्याची अधिकृत मोकळीक २०१६ मध्ये आली. म्हणजे आधी कृती झाली आणि नियम मागून आला. २०२५ च्या पवित्र गुरुवारी आजारपणामुळे त्यांना वाकणे शक्य नव्हते, तरी ते रोममधल्या तुरुंगात कैद्यांना भेटून आले आणि त्यानंतर चार दिवसांनी त्यांचे निधन झाले.

जांभूळबेट

पाय धुण्याच्या विधीकडे मराठी डोळ्यांनी पाहिले तर तो किती विपरीत आहे हे अधिक जाणवते. आपल्याकडे पाय नेहमी खालच्याने वरच्याचे धुवायचे असतात. लग्नात वधुपिता जावयाचे पाय धुतो, यजमान ब्राह्मणाची पाद्यपूजा करतो, शिष्य गुरूचे चरणतीर्थ घेतो. पाणी ओतणारा हात कोणाचा आणि पाय कोणाचे, एवढे पाहिले की दोघांची पायरी कळते. म्हणून जावयाने सासऱ्याचे पाय धुतले तर मांडवात जी खळबळ उडेल, ती डोळ्यांपुढे आणल्याशिवाय पेत्राची घालमेल आपल्याला कळणार नाही.

याला एकच मोठा अपवाद मला ठाऊक आहे आणि तो वारकऱ्यांचा. वारीत एकमेकांना 'माउली' म्हणत दोघेही एकाच वेळी पाया पडतात. तिथे वरचा-खालचा असा भेद त्या क्षणापुरता तरी उरत नाही. क्षणापुरता असे मुद्दाम म्हणतो, कारण चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे.

सातारी_कंदी

जांभूळबेट यांनी वारकऱ्यांचा विषय काढला म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे मानणारा हा कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, मिशनमध्ये दोन दशके राहिला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून आमच्या साताऱ्याला आला. तिथे त्याने 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसू शकतील अशी कल्पना होती. पगार सोडला, पद सोडले, आणि मंडळीच्या नोंदवहीची भिंतही ओलांडली. १९१९ मध्ये ते गेले, त्यामुळे दरबार फार काळ टिकला नाही.

टिळकांचे मोठेपण सगळेच सांगतात, पण मला लक्ष्मीबाईंचे अधिक वाटते. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई काही वर्षे वेगळी राहिली, परत आली तीही आपले सोवळे घेऊन, आणि मग एकेक करून ते तिने स्वतःच्या बुद्धीने सोडले. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे. शिवाशिव आपल्या आत कुठे कुठे लपली आहे याची झडती तिने स्वतःच घेतली, आणि ती हसत हसत लिहून ठेवली. पुढाऱ्यांना ही झडती घेता आली तर निम्मे काम होईल.

काळी_कसदार

आतापर्यंतची चर्चा चांगली आहे, पण तीत एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरलेली आहे आणि ती मला टोचते. 'वंचितांपर्यंत पोहोचणे' असे आपण म्हणतो, तेव्हा मंडळी एका ठिकाणी उभी आहे आणि वंचित दुसरीकडे कुठेतरी आहेत, असा त्याचा अर्थ होतो. नगर जिल्ह्यात हे खरे नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून तिथे काम केले, आणि सुरुवातीला ब्राह्मण मुलांच्या धर्मांतराची कितीही चर्चा झाली असली तरी मंडळ्या भरल्या त्या आमच्या महार आणि मांग पणज्या-पणजोबांनी. कोणी आमच्यापर्यंत पोहोचून मंडळी उभी राहिलेली नाही. आम्ही आलो म्हणून मंडळी झाली.

आणि तरीही चरित्रे कोणाची आहेत? रमाबाई, टिळक, बाबा पदमनजी. यांतल्या कोणाबद्दलही मला आकस नाही. पण उपाशीपोटी गावोगाव हिंडून वाचायला शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांची आणि बायबल वाचून दाखवणाऱ्या बायांची नावे मिशनच्या अहवालात 'नेटिव्ह हेल्पर' या एका शब्दात मावली. माझे पणजोबा असेच एक मास्तर होते. त्यांच्या शाळेत चावडीच्या बाजूची पोरे येत नसत, आणि साहेबाच्या बंगल्याच्या ओट्याखाली उभे राहून पगार घ्यावा लागे, असे आमच्या घरात सांगत.

उच्चवर्णीय माणूस खाली बसला की ती नम्रता ठरते. जो आधीच खाली बसवलेला आहे, त्याने आणखी कुठे बसायचे? त्याच्यासाठी नेतृत्वाचा अर्थ ताठ उभे राहणे असाच असतो. रोमन कॅथलिक धर्मसभेला पहिला दलित कार्डिनल मिळायला २०२२ साल उजाडावे लागले, ते हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली, आम्ही अजून दाराशीच आहोत. सरकारच्या लेखी आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून दलित नाही, आणि सोयरीक जुळवताना मंडळीच्या लेखी आम्ही आधी दलित आणि मग ख्रिस्ती.

पेटीवादकताई, तुमच्या बैठकीत ज्याने हिशेब विचारला तो मुलगा कोणत्या वस्तीतला आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला त्याचे उत्तर बहुधा ठाऊक आहे.

पेटीवादक

तुमचा अंदाज खरा आहे. लिहिताना मी ते वगळले होते आणि वगळताना मला ते जाणवलेही नव्हते. यापुढे काय लिहावे हे आत्ता सुचत नाही, थोडा वेळ द्या.

अनवट_वाट

२०१९ च्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनीही सफाई कामगारांचे पाय धुतले होते, त्याचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? तेही नम्रतेचे नेतृत्वच म्हणायचे का?

संपादक_मंडळ

या प्रश्नाला धरून पक्षीय वाद सुरू झाल्यास ते प्रतिसाद काढून टाकले जातील. धागा ख्रिस्ती नेतृत्वाविषयी आहे, चर्चा तिथेच ठेवावी.

जांभूळबेट

पक्ष बाजूला ठेवूनही अनवट_वाट यांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते, आणि ते पोप, बिशप, पाळक सर्वांना सारखेच लागू आहे. पाय धुऊन झाल्यावर त्या माणसाच्या कामाची जागा, मजुरी आणि गटारात उतरण्याचा धोका यांत काय फरक पडला, एवढे एक वर्षाने जाऊन पाहावे. छायाचित्र दोघांचेही चांगलेच येते.

दौंडलोकल

काळी_कसदार यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या पहिल्या प्रतिसादात मीसुद्धा रमाबाईंनी मुली 'आणल्या', 'ठेवल्या' अशीच क्रियापदे वापरली आहेत, जणू त्या मुली म्हणजे सामान. म्हणून एक भर घालतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, कारण आधीची भाषा खेड्यातल्या बाईला जड जात असे. १९२२ मध्ये, मनोरमाबाईंच्या मागोमाग वर्षभरात, त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, तो छापणाऱ्या बहुतेक मुक्तीतल्या बायकाच होत्या. दुष्काळात मरायला टेकलेल्या मुली वीस-पंचवीस वर्षांनी अख्खे बायबल छापतात, आणि त्यांना शिकवणारी बाई नसतानाही काम पूर्णत्वाला जाते. त्यांची नावे मात्र मलाही सांगता येत नाहीत, म्हणजे काळी_कसदार यांचा मुद्दा इथेही उरतोच.

चिकित्सक_चिमणी

माझा आक्षेप या उदाहरणाने पुसला जात नाही, पण त्याला एक कसोटी मिळाली. मदत घेणाऱ्याच्या हातात शेवटी काय आले, हा तो प्रश्न. भाकरी आली की छापखाना आला? केडगावात दोन्ही आले, इतके मी मान्य करतो.

पेटीवादक

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

मी दोन गोष्टी केल्या. बैठकीत हिशेबाचा विषय पुन्हा काढला, या वेळी माझ्या नावाने, आणि मागच्या खेपेला मी गप्प बसले ही चूक होती हेही तिथेच सांगितले. हिशेबाची वही अजून आलेली नाही, पण ती पुढच्या महिन्यात ठेवली जाईल असे इतिवृत्तात लिहून घेतले आहे. दुसरे म्हणजे पंचांची पुढची बैठक आवारातल्या कार्यालयात न घेता त्या मुलाच्या वस्तीत, त्यांच्याच घराच्या ओट्यावर घ्यावी असे सुचवले. खूप चर्चेनंतर ते मंजूर झाले. नऊ पंचांपैकी चौघे आले. बाकीच्यांना त्या दिवशी कामे निघाली.

ओट्यावर बसल्यावर पहिला अर्धा तास कोणी काही बोलले नाही. मग मुलाच्या आजीने विचारले, की दफनभूमीला कुंपण घालता आहात ते ठीक, पण आमच्या बाजूच्या कबरींपर्यंत ते येणार आहे का, की अलीकडेच थांबणार? आराखडा आमच्यापैकी कोणीच नीट पाहिलेला नव्हता. येत्या शनिवारी आम्ही चौघे टेप घेऊन आजींबरोबर तिथे जाणार आहोत.

काळी_कसदार

टेप धरायला त्या मुलाला सांगा, आणि मोजलेले आकडे तिथल्या तिथे सगळ्यांपुढे लिहून घ्या.

अडकित्ता

आणि चपला जुन्या घालून जा, तिकडे काटे फार असतात.